नाक्यावरची चिठ्ठी

मे महिना लागला की बालाघाट जिल्ह्यात गावोगावी तेंदूपत्त्याचे फड भरू लागतात. पहाटेच्या अंधारात जंगलात गेलेली माणसे ऊन चढल्यावर पानांचे भारे घेऊन परततात; मग ओसरीवर बसून घरातील लहानथोर पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधतात आणि दिवस कलल्यावर त्या फडमुंशीच्या पुढ्यात मोजल्या जातात. १९६४ साली मध्य प्रदेश शासनाने कायदा करून या पानाचा व्यापार आपल्या हाती घेतला. येथील कित्येक घरांना उन्हाळ्यात जी चार पैशांची रोकड दिसते ती याच पानावर. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना नोकरीनिमित्त इकडे आलेली आणि १९५६ साली नागपूर-भंडारा पलीकडे गेल्यावरही येथेच राहिलेली आमची मराठी कुटुंबे या पानाला टेंभुर्णीचे पान म्हणतात. नाव कोणतेही घ्या, पानाचा पुढला प्रवास सर्वांना ठाऊक आहे. त्यात चिमूटभर तंबाखू पडते, दोरा गुंडाळला जातो आणि बिडी तयार होते.

आमच्या शेजारच्या काकांचे सारे आयुष्य या जंगलाच्या कडेने गेले. ते वनखात्यात नाकेदार होते. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली असल्यामुळे आमच्याकडे नाकेदार हा मोठा परिचयाचा माणूस. बैहरच्या रस्त्यावरील एका नाक्यावर त्यांनी कित्येक वर्षे काढली. सागाच्या प्रत्येक लठ्ठ्यावर खात्याच्या हातोड्याचा ठसा हवा, गाडीवानाजवळ वाहतुकीचा परवाना हवा, ठसा आणि परवाना जुळले तर बांबू वर करायचा, न जुळले तर गाडी बाजूला घ्यायची, हा त्यांचा नित्यक्रम. रात्रीच्या वेळी नाक्यावर झोप उडविण्यास बिडीसारखी दुसरी सोबत नाही, असे ते हसून सांगत. निवृत्तीनंतर नाका सुटला. बिडी मात्र सुटली नाही.

२०२१ च्या हिवाळ्यात त्यांना खोकला जडला. संध्याकाळी अंगात कणकण, अन्नावर वासना नाही, दोन महिन्यांत अंगरखा खांद्यावरून ओघळू लागला. छातीच्या चित्रात उजव्या बाजूस वरच्या अंगाला डाग दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरी डाग आणि लक्षणे पाहून क्षयाची औषधे सुरू झाली. ज्यांनी ती दिली त्यांना सर्वस्वी दोष देण्याचे माझ्या मनात नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्या देशात आहेत. खोकला, बारीक ताप, थुंकीतून रक्त, वजन उतरणे आणि चित्रातील डाग ही सारी चिन्हे दोन्ही रोगांत सारखीच. जेथे दहा घरांआड एका घराला क्षयाची ओळख आहे, तेथे पहिला संशय क्षयाचाच यावा हे स्वाभाविक होय. परंतु चार महिने उलटले तरी डाग तसूभर कमी झाला नाही, उलट वाढला. मग गोंदियावरून नागपूर गाठले गेले, सुईने तुकडा काढून तपासला गेला आणि फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. क्षयाचे औषध लागू पडत नसताना ते तसेच रेटणे ही आपल्याकडील फुप्फुसाच्या कर्करोगाची फार जुनी कहाणी आहे. थुंकीत जंतू नाहीत आणि औषधाने उतार नाही, असा मेळ जमला की दुसरा विचार करण्यास दोन आठवडेही दवडू नयेत, असे मला आज वाटते.

काका परत आले त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. मी शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे, म्हणून आळीतील आजारपणाचे प्रश्न माझ्याकडे येतात. काकूंनी विचारले, "काय कमी पडलं जी बाई, माझ्याकडून? दूध-हळद, गुळवेलीचा काढा, सगळं दिलं. यांची ताकदच कशी कमी पडली?" करोनाच्या त्या दोन वर्षांत 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा शब्द घरोघरी पोहोचला होता, आणि त्याचा असा उलटा अर्थ काकूंच्या मनात रुतून बसला होता: नवऱ्याची प्रतिकारशक्ती दुबळी झाली, कारण आपण ती वाढविली नाही. हा लेख लिहिण्याचे कारण तो प्रश्न होय. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. पण नुसत्या 'नाही'ने कोणाचे समाधान होत नाही.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी, आत जी प्रथिने तयार होत असतात त्यांचे लहान लहान तुकडे बाहेरच्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. जणू गाडीत काय माल आहे त्याचा नमुना बाहेर टांगायचा, असा नियमच आहे. रक्तात फिरणाऱ्या श्वेतपेशींपैकी टी-पेशी या नमुन्यांची तपासणी करीत हिंडतात. नमुना घरचा असला की त्या पुढे जातात. परका असला, म्हणजे आत विषाणू शिरलेला असला किंवा पेशीच बिघडून भलते प्रथिन बनवू लागली असली, की ती पेशी तेथल्या तेथे मारली जाते. बिडीच्या धुरातील द्रव्ये पेशींच्या गुणसूत्रांत वर्षानुवर्षे लहानमोठे बिघाड करीत राहतात. त्यांतून भलती प्रथिने निपजतात आणि त्यांचे नमुने बाहेर टांगले जातात. म्हणजे धूम्रपानातून उद्भवलेली गाठ ही वस्तुतः फार उघडी, सहज ओळखू येण्याजोगी असावयास हवी. आणि टी-पेशी तिला ओळखतातही! शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर त्यांत टी-पेशी पुष्कळदा दाटीने उभ्या असलेल्या दिसतात. सैन्य पोहोचले आहे, शत्रू समोर आहे, पण हत्यार उचलले जात नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर मिळण्यास शतक लागले. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ साली मांसार्बुदाच्या एका रुग्णास मुद्दाम जंतूंची लागण करून त्याची प्रतिकारयंत्रणा चेतविण्याचा धाडसी प्रयोग केला होता. पण कधी गुण येई, कधी येत नसे, आणि कारण कोणालाच सांगता येईना. पुढे १९५० नंतर मॅकफार्लेन बर्नेट आणि लुइस थॉमस यांनी असा विचार मांडला की शरीरात बिघडलेल्या पेशी वारंवार निर्माण होत असाव्यात आणि प्रतिकारयंत्रणा त्यांना वेळीच टिपत असावी. तर मग काही निसटतात कशा? किल्ली सापडली ती भलत्याच दाराशी. जपानमधील क्योटो येथे तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पेशींच्या मृत्यूचा शोध घेता घेता एक प्रथिन सापडले. त्याला पीडी-१ असे नाव पडले. ते टी-पेशींच्या पृष्ठभागावर असते. हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले तेव्हा कालांतराने त्यांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटली. तेव्हा कळले की पीडी-१ हा टी-पेशींचा लगाम आहे. शरीरातील इतर पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल-१ नावाचे जोडीचे प्रथिन धरतात. दोघांची गाठ पडली की टी-पेशी थांबते.

हे मी काकांना सांगत होते तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे वरच्या साहेबाची चिठ्ठी. ही गाडी अडवू नये." नाकेदारीत अशी चिठ्ठी त्यांना कधी पाहावी लागली की नाही, हे मी विचारले नाही, पण याहून नेमकी उपमा मला आजवर कोणत्याही ग्रंथात आढळलेली नाही. योगायोग असा की शास्त्रज्ञही या जागांना नाकेच म्हणतात.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की ती चिठ्ठी बनावट नसते. शरीरानेच ती प्रथा घातली आहे, आणि तीही सत्कारणासाठी. लागण हटल्यावर युद्ध थांबले नाही तर निरोगी अवयवांची राख होईल. गर्भाचेच पाहा. त्याचा निम्मा वारसा पित्याचा, म्हणजे मातेच्या टी-पेशींच्या दृष्टीने परका. तरी तो नऊ महिने सुखरूप वाढतो. त्याच्या रक्षणाच्या अनेक उपायांपैकी एक म्हणजे वारेच्या पेशींवर असलेले हेच पीडी-एल-१. आणि फुप्फुसाइतकी संयमाची निकड दुसऱ्या कोणत्या अवयवाला असेल? दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत येते. तिच्यासंगे धूळ, परागकण, चुलीचा धूर, नाना प्रकारचे जंतू. वायुकोशांच्या भिंती इतक्या तलम की त्यांतून प्राणवायू झिरपावा. प्रत्येक कणाशी तेथे झुंज होऊ लागली तर सूज येऊन माणसाचा श्वासच कोंडेल. म्हणून फुप्फुसातील वातावरण मुळातच पडते घेण्याचे आहे. कर्करोगाने हा संयम निर्माण केलेला नाही. तो केवळ त्याच्या आडोशाला उभा राहतो.

त्याहून विलक्षण प्रकार पुढे आहे. टी-पेशीने हल्ला सुरू केला की ती इंटरफेरॉन नावाचे एक द्रव्य सोडते. तो इशारा मिळताच गाठीतील पेशी पूर्वीपेक्षा अधिक पीडी-एल-१ पृष्ठभागावर आणतात. हल्लाच ढालीला जाग आणतो! महिनोन् महिने परका नमुना समोर आणि थांबण्याची आज्ञाही समोर, अशा स्थितीत उभ्या राहिलेल्या टी-पेशी हळूहळू निस्तेज होतात. शास्त्रात यास थकवा असेच म्हणतात. हा थकवा दूध-तुपाने जाणारा नव्हे. त्यांना अन्न कमी पडलेले नसते, आज्ञा आडवी आलेली असते. काकूंना मी हे दोनदा सांगितले. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण मान हलविली.

चिठ्ठी ही एकच युक्ती नव्हे. काही गाठी नमुना टांगण्याची खुंटीच काढून टाकतात. या खुंट्या आपल्याला एक जोड आईकडून आणि एक जोड वडिलांकडून मिळते. लंडन येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मुख्य प्रकारातील सुमारे ४० टक्के गाठींनी यांपैकी एका बाजूच्या खुंट्या गमावल्याचे आढळले. सगळ्याच का टाकीत नाहीत? कारण ज्या पेशीच्या बाहेर काहीच टांगलेले नाही तिला धरणारे दुसरे पहारेकरी शरीरात आहेत. म्हणून अर्धे झाकायचे आणि अर्धे उघडे ठेवायचे, असा हा मामला. कित्येक गाठी तर आपल्याभोवती तंतूंचे कुंपण घालून टी-पेशींना आत येऊच देत नाहीत, तर कित्येक शरीरातील नियामक टी-पेशींना आणि भक्षक पेशींना आपल्या अंगणात बोलावून बाकीच्यांना शांत ठेवण्याचे काम त्यांच्याकडूनच करून घेतात. यांत कोणी बसून कट रचलेला नसतो, हे सांगावयास हवे. असंख्य पेशींपैकी ज्या पकडल्या गेल्या त्या मेल्या, ज्या निसटल्या त्यांची संतती वाढली. आपल्यापुढे येते ती निसटलेल्यांची पिढी.

मग उपाय? चिठ्ठी वाचणाऱ्या डोळ्यावर हात ठेवणे. पीडी-१ ला जाऊन चिकटणारी प्रतिद्रव्ये प्रयोगशाळेत तयार करण्यात आली. आज्ञा पोहोचेनाशी झाली की टी-पेशी पुन्हा कामाला लागतात. अमेरिकेत २०१५ साली फुप्फुसाच्या कर्करोगासाठी निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांना मान्यता मिळाली. दुसऱ्या एका लगामावर काम करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. ज्यांच्या गाठीत पीडी-एल-१ भरपूर आहे अशा, पसरलेला कर्करोग असणाऱ्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅबने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. नेहमीच्या रसायनोपचाराने सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. बत्तीस म्हणजे शंभर नव्हे. पण पसरलेल्या फुप्फुसकर्करोगात पाच वर्षे हा शब्दही पूर्वी सहसा उच्चारला जात नसे.

लगाम सोडल्याचे परिणामही भोगावे लागतात. मोकाट सुटलेल्या टी-पेशी कधी कंठस्थ ग्रंथीवर, कधी आतड्यांवर, कधी प्रत्यक्ष फुप्फुसावरच उलटतात. आमच्या देशात आणखी एक पेच आहे. क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात कोंडून ठेवण्याचे काम याच यंत्रणेकडे असते, आणि तेथेही संयम लागतो. पीडी-१ नसलेल्या उंदरांना क्षयाची लागण केली तेव्हा ते साध्या उंदरांपेक्षा लवकर दगावले. ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांतही दबलेला क्षय वर आल्याची नोंद आहे. ज्या दोन रोगांची आपण चित्रात गल्लत करतो ते असे आतूनही एकमेकांच्या शेजारी राहतात.

येथे बिडीविषयी दोन शब्द. बिडीत तंबाखू थोडी, पान नैसर्गिक, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, असा समज आमच्या भागात दृढ आहे. पान सच्छिद्र नसल्याने बिडी सारखी विझू पाहते. ती जिवंत ठेवण्यासाठी जोराने आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील नागरिकांचा जो प्रदीर्घ पाठपुरावा केला आणि २००५ साली प्रसिद्ध केला, त्यात बिडी ओढणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी आढळले नाही. मात्र सर्वच रुग्ण धूम्रपानी असतात असेही नव्हे. जिने आयुष्यात बिडी हाती धरली नाही अशा गृहिणीलाही हा रोग होतो. तिच्या गाठीत बहुधा बिघाड थोडे, म्हणून परके नमुनेही थोडे. तेथे लगाम सोडून फारसे साधत नाही. परंतु त्यांतील बऱ्याच गाठींत एखादाच विशिष्ट जनुकीय बिघाड सापडतो आणि त्यावर पोटात घेण्याच्या गोळ्या आहेत. म्हणून तुकडा तपासताना ती जनुकीय चाचणी मागून घ्यावी. घरातील बाईसाठी एवढा खर्च कशाला, हे वाक्य मी एकदा ऐकले आहे आणि ते विसरलेले नाही.

काकांच्या गाठीत पीडी-एल-१ पुष्कळ होते. म्हणजे औषध लागू पडण्याची आशा होती. पण त्या औषधाचा दर तीन आठवड्यांचा खर्च ऐकून थोरला मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. शेत विकण्याची गोष्ट निघाली. ती काकांनी स्वतः मोडून काढली. "चिठ्ठी फाडायला एवढे पैसे लागतात का?" एवढेच ते म्हणाले. नेहमीचा रसायनोपचार झाला. काही महिने बरे गेले. दाराशी खुर्ची टाकून ते बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारीत. २०२२ च्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, ते गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी एक अभ्यास माझ्या वाचनात आला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी नेमका काकांचा प्रश्न हाती घेतला होता. निव्होलुमॅब हे औषध परदेशात दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असे देतात. पण पीडी-१ च्या जागा फार थोड्या औषधानेही भरून जातात, हे पूर्वीच्या चाचण्यांत दिसले होते. तेव्हा तोंड, घसा या भागांचा पसरलेला कर्करोग असलेले १५१ रुग्ण घेऊन निम्म्यांना स्वस्त गोळ्यांचा उपचार दिला आणि निम्म्यांना त्याच गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. वर्षअखेर पहिल्या गटातील १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के. गरीब देशांत या रोगाची मान्यताप्राप्त औषधे शंभरांतील एका ते तिघांनाच परवडतात, असे त्याच अहवालात नमूद आहे. ज्यांच्यासाठी हा प्रयोग झाला ते उरलेले सत्त्याण्णव. अर्थात हा निष्कर्ष तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा आहे, फुप्फुसाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. परदेशातील श्रीमंत रुग्णालयांना मात्रा कमी करण्याची फारशी निकड नव्हती. ती परळला भासली, याचे मला नवल वाटत नाही.

काकूंना हे सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. अखेर सांगितले; हेही सांगितले की तो रोग वेगळा होता आणि काकांना त्याचा उपयोग झालाच असता असे कोणी म्हणू शकत नाही. त्या ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "वीस मिलिग्रॅम म्हणजे किती जी?"

तांदळाचा एक दाणा साधारण तेवढाच भरतो, असे मी म्हटले. त्यांनी सुपातील एक दाणा उचलून तळहातावर ठेवला, काही वेळ पाहिला आणि पुन्हा सुपात टाकला.